त्याच्या घरचे परत कधी येणार?

२००८च्या दिवाळीत माझा पाच वर्षांचा भाचा आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आला होता. त्याला थिएटरात नेऊन पहिला सिनेमा मावशीने दाखवायचा, असं बहिणीचं आणि माझं कधीचं ठरलेलं. त्याच आठवड्यात ‘रोडसाइड रोमिओ’ लागला होता. मुंबईच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा ॲनिमेशनपट, यशराज आणि डिस्ने यांनी मिळून केलेला. लहान मुलाला दाखवायला याहून चांगलं काय असणार?

सुरुवातीला तो खुर्चीच्या अगदी टोकाशी येऊन बसला होता. लाडाकोडात वाढलेला रोमिओ, आणि त्याला मागे टाकून निघून गेलेली घरची माणसं. रस्त्यावर तो एकटा. भाच्याने माझा दंड घट्ट धरला आणि विचारलं, “मावशी, त्याच्या घरचे परत कधी येणार?”

“येतील. बघ ना पुढे.”

पण सिनेमा त्या माणसांना विसरूनच गेला. रोमिओला रस्त्यावरची टोळी भेटली, त्याने कुत्र्यांना नटवायचा धंदा काढला, लैला भेटली, चार्ली अण्णा नावाचा डॉन आला, नाचगाणी झाली. मागच्या रांगेतली मोठी माणसं मधूनमधून हसत होती. आमच्या रांगेतली मुलं पॉपकॉर्न वेचत होती. भाच्याने आणखी दोनदा तोच प्रश्न विचारला आणि शेवट यायच्या आत माझ्या खांद्यावर झोपून गेला.

मला त्या दुपारचं फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं, कारण तो सिनेमा आळसाने केलेला नव्हता. मुंबईच्या व्हीसीएल या स्टुडिओतल्या मंडळींनी त्यावर जीव ओतून काम केलं होतं, आणि सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. चुकलं ते विनोदात. हिंदी सिनेमातला डॉन, त्याचे चमचे, क्लबात नाचणारी नायिका, या सगळ्याची त्यात नक्कल होती. पण नक्कल कळायला अस्सल आधी पाहिलेलं लागतं. पाच वर्षांच्या मुलाने कुठला डॉन पाहिलेला असतो? अण्णाच्या बोलण्याला दाक्षिणात्य हेल होता. तो हेल ओळखून हसायचं तर साधी हिंदी तरी कानात मुरलेली हवी, आणि आमच्या बालवाडीतल्या मराठी पोराला तीच धड येत नव्हती.

अण्णाला आवाज होता जावेद जाफरी यांचा. हाच आवाज टीव्हीवर पोगो वाहिनीवरच्या ‘ताकेशीज कॅसल’ या खेळांच्या कार्यक्रमाचं धावतं वर्णन करायचा, तेव्हा माझा भाचा गादीवर गडाबडा लोळायचा. तिथेही त्यांचे शब्द त्याला फारसे कळत नव्हतेच. पण माणूस दगडावरून उडी मारायचा, दगड बुडायचा आणि माणूस धपकन पाण्यात पडायचा. आता पडणार, आता पडणार, हे त्याला आधीच कळलेलं असायचं, आणि ते खरं ठरलं की हसू फुटायचं. सिनेमात तोच आवाज नुसता बोलत राहिला.

आणि कुत्र्यांचं काय केलं? आमच्या बिल्डिंगखालचा मोत्या दिवसभर मुलांना हसवायचा. स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरायचा, स्कूटरच्या सीटवर ऐटीत बसायचा, फटाका वाजला की जिन्याखाली शिरून नाकच तेवढं बाहेर ठेवायचा. पडद्यावरचे कुत्रे मात्र दोन पायांवर चालत, नाचत, माणसांसारखे प्रेमात पडत. नायक कुत्रा निवडला, पण त्याचं कुत्रेपण कुणाला हवंसं वाटलं नाही. मुलांना हवं होतं ते नेमकं तेच.

मोठ्यांसाठीचा विनोद मुलांच्या सिनेमात नकोच, असं मी म्हणत नाही. १९९२च्या ‘अलादीन’मधला जिनी अशा कितीतरी माणसांच्या नकला करतो, ज्यांची नावंही मुलांनी ऐकलेली नसतात. पण प्रत्येक नकलेबरोबर त्याचा देह बदलतो, तो फुगतो, वितळतो, त्याला वेगळंच तोंड येतं. जिनीला आवाज देणाऱ्या रॉबिन विल्यम्सच्या बोलण्यावर बाप हसतो आणि त्याला रेखाटणाऱ्या एरिक गोल्डबर्गच्या रेषेवर पोर हसतं. पुढे ॲनिमेशनपट करणाऱ्या पुष्कळांनी यातलं बोलणं तेवढं उचललं आणि रेषा मागे राहिली.

तरीही मला वाटतं, भाचा हसला नाही याचं मूळ विनोदाच्याही आधीचं होतं. मुलाला भीती घातली तर चालते. विजया मुळे यांच्या ‘एक अनेक और एकता’ या १९७४च्या छोट्याशा फिल्ममध्ये पाखरं जाळ्यात सापडतात, तो क्षण लहानपणी आम्हालाही घाबरवायचा. पण पाखरं जाळ्यासकट उडायची, उंदीर जाळं कुरतडायचे आणि आमचा श्वास मोकळा व्हायचा. टाकून दिलेला कुत्रा पाहिल्यावर भाच्याचा जो श्वास अडकला, तो त्या सिनेमाने सोडवलाच नाही. घरच्यांना परत आणायला हवं होतं असं नाही. ते का गेले, त्यांच्यावाचून रोमिओ रात्री कसा झोपला, एवढं जरी थांबून दाखवलं असतं तरी पुरलं असतं. अडकलेल्या श्वासावर हसू येत नाही.

‘रोडसाइड रोमिओ’चे दिग्दर्शक जुगल हंसराज यांच्याकडून मला याचीच आशा होती. १९८३च्या ‘मासूम’मध्ये आई गेल्यावर परक्या घरात आलेला मुलगा बालकलाकार म्हणून त्यांनीच तर उभा केला होता.

परतताना रिक्षात भाचा जागा झाला. बिल्डिंगपाशी उतरल्यावर त्याने मोत्याला बराच वेळ थोपटलं आणि मग मला विचारलं, “याच्या घरचे कोण?” मी सांगितलं, “आपण सगळे.” तेव्हा कुठे तो जिना चढला.

मुलांसाठी सिनेमा करणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे. प्रदर्शनाआधी एकदा तो पाच-सहा वर्षांच्या मुलांना दाखवा, आणि तुम्ही पडद्याकडे पाठ करून त्यांच्या तोंडाकडे बघत बसा. शेजारच्या मोठ्या माणसाचा दंड धरून ती काय विचारतात, ते ऐका.