फडताळाचा रंग

स्वयंपाकघरांतील फडताळाला कोणता रंग द्यावा, हा प्रश्न एका घरांत तीन आठवडे टिकूं शकतो, असें आम्हांला कोणीं पूर्वीं सांगितलें असतें तर आम्ही हंसलों असतों. भिंतीला चुना आणि लांकडाला तेल, यापलीकडे आमची रसिकता कधीं गेलीच नव्हती. परंतु गेल्या फाल्गुनांत आमच्या विश्रामबागेच्या बिऱ्हाडांत हा प्रश्न निघाला, आणि घरांतील चार माणसांचीं पांच मतें झालीं. पांचवें आमचेंच, कारण सकाळीं आमचें एक मत असे व संध्याकाळीं दुसरें.

प्रथम फडताळाची ओळख करून दिली पाहिजे. तें सागवानी आहे, पुरुषभर उंच, दोन झडपांचें. आणि तें मूळचें विश्रामबागेचें नाहीं, गांवभागांतलें आहे. ज्यांना सांगली ठाऊक आहे त्यांना एवढ्यावरून पुष्कळ कळेल. गांवभाग म्हणजे कृष्णेकांठची जुनी वस्ती. तेथें पावसाळ्यांत लोक एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करण्याआधीं आयर्विन पुलापाशीं पाणी किती फुटांवर आहे तें विचारतात. पंचेचाळीस फूट ही धोक्याची खूण. २००५ सालीं पाणी ५३ फुटांच्या वर गेलें आणि फडताळाचा तळचा कप्पा भिजला. २०१९ च्या ऑगस्टांत तें ५७ फुटांच्या वर गेलें; आणि ओसरल्यावर घरांत पाऊल टाकून पाहतों, तों फडताळाच्या झडपांवर, आमच्या छातीइतक्या उंचीला, गाळाची एक सरळ तपकिरी रेघ उमटलेली. ती रेघ घासली, सोड्यानें धुतली. रंग निघाला, रेघ राहिली. त्यानंतर आम्ही विश्रामबागेंत राहावयास आलों.

आमचे वडील विलिंग्डन कॉलेजांत शिकत असत तेव्हां गांवांतून विश्रामबागेस जाणें म्हणजे गांवाबाहेर जाणें होतें. आतां सांगली आणि मिरज यांच्यामध्यें मोकळी जागा म्हणून उरलेली नाहीं, आणि पुराला भ्यालेलीं आमच्यासारखीं पुष्कळ घरें इकडे आलीं आहेत. नव्या घरांत सगळें नवें होतें. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, ओटा मात्र काळा. त्यांत हें फडताळ, पूर पाहिलेल्या माणसासारखें, एका कोपऱ्यांत उभें. कांहीं वर्षें तें तसेंच चाललें. मग त्याचे पोपडे डब्यांत पडूं लागले.

सौभाग्यवतींचें मत पहिल्या दिवसापासून ठाम होतें : पांढरा. पांढऱ्या रंगानें लहान स्वयंपाकघर मोठें दिसतें, असें त्यांचें म्हणणें, आणि तें खोटें नाहीं. आम्हीं एवढेंच विचारलें कीं, ज्या गांवीं हळदीचा बाजार भरतो, ज्याच्या शेजारीं हरिपुरास हळद जमिनीखालच्या पेवांतून सांठविली जात असे, त्या गांवीं पांढरें फडताळ किती दिवस पांढरें राहील? चिरंजीवांनीं पुण्याहून फोनवर चित्रें पाठविलीं. त्यांत सर्व कपाटें राखाडी होतीं, आणि कोणत्याहि चित्रांत कोणीहि स्वयंपाक करीत नव्हतें. रंगारी म्हणाला, "काका, पिस्ता मारून टाकूं, पिस्ता कुठंहि चालतो." आणि आई म्हणाली, "होता तोच हिरवा द्या."

रंगाऱ्यानें रंगांचें पुस्तक आणून दिलें. त्यांतलीं नांवें इंग्रजी. समुद्रकिनारे, धुकें आणि परदेशी फुलें यांच्यावरून ठेविलेलीं. आईला तीं वाचून दाखवूं लागलों तेव्हां ती म्हणाली, "हे रंग आहेत कीं गांवं?" आमच्या भाषेंतले रंग बहुतेक खाण्याच्या जिनसांवरून आले आहेत, हें तेव्हां प्रथमच लक्षांत आलें. बदामी, अंजिरी, डाळिंबी, लिंबू, वांगी, कोनफळी, आमसुली, केशरी, गव्हाळ! मोरपिशी आणि अबोली सोडल्यास सगळें फडताळ भरून निघेल. आमच्या पूर्वजांनीं रंग बाजारांत पाहिला आणि ताटांत ओळखला. धुक्याला नांव देण्याची त्यांना गरज पडली नाहीं.

आईचा हिरवा म्हणजे फिका, दुधांत कोथिंबीर वाटल्यासारखा, ज्याच्यावर एका काळीं निम्म्या महाराष्ट्रांतल्या दारें-खिडक्यांची सोय झाली तो तेलरंग. तो तिनें लग्न होऊन आल्या वर्षीं, १९६१ सालीं, वडिलांकडून लावून घेतला होता. डब्यावर हातांत ब्रश घेतलेला एक व्रात्य पोरगा होता, एवढें तिला पक्कें आठवतें. तो गट्टू असला पाहिजे, आर. के. लक्ष्मण यांनीं तो एशियन पेंट्ससाठीं १९५४ सालीं काढला. पुढें त्याच रंगाचे आणखी तीन-चार हात त्यावर बसले.

या जुन्या रंगाविषयीं एक गोष्ट सांगणें जरूर आहे. रंगारी खरखरीत कागद घेऊन कोरडेंच घासावयास बसला, तेव्हां आम्हीं त्याला थांबविलें. त्या काळच्या तेलरंगांत चमक यावी व तो लवकर वाळावा म्हणून शिशाचे क्षार घालीत. हिरव्या रंगांत तर शिशाचाच पिवळा रंग निळ्यांत मिसळलेला असे. आपण मारुतीला लावतों तो शेंदूर देखील शिशाचाच. घासतांना उडणारी धूळ मुलांच्या पोटांत गेली तर त्यांच्या वाढत्या मेंदूला ती बाधते, आणि आमचा दोन वर्षांचा नातू उन्हाळ्यांत येणार होता. घरगुती रंगांत शिसें दहा लाख भागांस नव्वद भागांहून अधिक असूं नये, असा नियम आपल्याकडे २०१६ सालीं झाला व २०१७ च्या नोव्हेंबरापासून अमलांत आला. १९६१ च्या रंगाला तो कोठून ठाऊक असणार! तेव्हां फडताळ अंगणांत नेलें, पाणी लावून घासलें, आणि चिखल कागदांत गुंडाळून टाकला. रंगाऱ्याला हें फार हंसूं आलें. त्याच्या तोंडाला आम्हीं रुमाल बांधावयास लावला तेव्हां मात्र त्याचें हंसूं थांबलें.

घासून झालें, भेगांत लांबी भरली, अस्तराचा हात दिला. अस्तर पांढरें असतें. फडताळ पुन्हा आपल्या कोपऱ्यांत आलें आणि सौभाग्यवतींचा चेहरा उजळला. "आतां यावर रंग नाहीं दिला तरी चालेल," त्या म्हणाल्या. आणि खरोखरच स्वयंपाकघर हातभर रुंद झाल्यासारखें दिसत होतें. आम्हीहि त्या संध्याकाळीं पांढऱ्याच्या पक्षांत गेलों.

दिवेलागणीच्या सुमारास पाणी पिण्यास म्हणून उठलों, तों आई स्वयंपाकघरांत भिंतीला तळहात लावून उभी. फडताळ तिच्या डाव्या बाजूस वीतभर अंतरावर होतें. ती भिंत चांचपीत होती.

"इथंच होतं ना रे तें?" तिनें विचारलें.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत, परंतु पडदा झिजला आहे, आणि त्याला आतां उपाय नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितलेलें. हें आम्हांला ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें असें कीं, या नव्या घरांत आल्यापासून ती हळूहळू स्वयंपाकघरांत येईनाशी झाली होती. आम्हीं तो तिचा थकवा समजलों. वर "आतां बसून खा" असें सांगून स्वतःची पाठहि थोपटून घेतली. ती चहाला हांक मारून मागूं लागली, तेंहि आम्हांला योग्यच वाटलें. गांवभागांतल्या घरांत ती अंधारांत फोडणी करीत असे, हें आम्ही विसरलों होतों.

"मग हिरव्याचा हट्ट कशाला धरलास?" आम्हीं विचारलें.

"हिरवा तरी मला कुठं दिसतो आतां! तिथं तो कुठं आहे तें ठाऊक होतं."

आम्हीं पूर्वीं वाचलें होतें कीं, मोने नांवाच्या फ्रेंच चित्रकाराला मोतीबिंदू झाला तेव्हां त्याचीं चित्रें तांबूस-तपकिरी होत गेलीं, आणि १९२३ सालीं शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला जग उलट निळें दिसूं लागलें. तेव्हां तें मौजेचें वाटलें होतें. आईच्या बाबतींत प्रश्न रंगाचाहि नव्हता. थकलेला पडदा रंगापेक्षां आधीं उजेड-अंधारांतलें अंतर हरवून बसतो. पांढऱ्यापुढें पांढरें किंवा पांढऱ्यापुढें फिकें ठेवलें कीं त्याच्या लेखीं तेथें कांहींच नसतें. पांढरा, पिस्ता, फिका राखाडी आणि आईचा स्वतःचा हिरवा, हीं चारहि मतें तिच्या दृष्टीनें एकच होतीं.

हें आम्ही सौभाग्यवतींना सविस्तर समजावून सांगूं लागलों. त्यांनीं अर्धेंच ऐकलें, आंत गेल्या, आणि आपलें एक आमसुली लुगडें आणून फडताळाच्या झडपांवरून सोडलें. मग आईला दारांतून हांक मारली.

आई उंबऱ्यांत थांबली. "अग, तुझं तें आमसुली लुगडं इथं कुणी टांगलं?" असें म्हणून ती सरळ चालत आली आणि तिनें पदराला हात लावला.

पांढऱ्याचा विषय सौभाग्यवतींनीं पुन्हा काढला नाहीं. पांढऱ्या रंगावर त्यांचें किती मन होतें तें आम्हांला ठाऊक आहे, म्हणून तो त्यांनीं न काढणें आम्हांला त्या दिवसापासून अधिकच जाणवतें. रंगाऱ्यानें "काका, इतका काळपट?" असें तीनदां विचारून दोन हात दिले. मुठी पितळेच्या बसविल्या, त्या काळोख्या रंगावर चकाकतात. पुराची रेघ लांबीखालीं गेली खरी, पण सकाळच्या तिरप्या उजेडांत झडपांवर ती उंचवट्यासारखी अजून दिसते. आंतून मात्र फडताळ पांढरें आहे; डबे पांढऱ्यापुढें बरे दिसतात, हें कारण, आणि सौभाग्यवतींचाहि कांहीं हक्क आहे, हें दुसरें.

चौथ्या दिवशीं आईनें मिसळणाचा डबा आपल्या हातानें काढला आणि ठेवतांना हळद सांडली. सौभाग्यवतींनीं साबणानें पुसली, तेव्हां पांढऱ्यावरचा डाग पिवळ्याचा लाल झाला; कुंकूहि हळदीला क्षार लावूनच होतें, तेव्हां त्यांत नवल नाहीं. आई म्हणाली, "साबण लावूं नये ग. उन्हांत ठेव, जाईल." सागवानी फडताळ उन्हांत ठेवणें आम्हांला जमण्यासारखें नव्हतें. आम्हीं पूर्वेची खिडकी उघडली आणि तेवढी झडप सताड उघडी ठेवली.