कॅप्टन भाऊ

आज ७ जून. कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, आठवले. १९४३ साली याच दिवशी त्यांनी आणि त्यांचे सहकारी जी. डी. बापू लाड यांनी प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लोकांनी उभ्या केलेल्या समांतर सरकारच्या, तुफान सेनेतल्या पोरांसह शेणोलीजवळ सरकारी पगार नेणारी रेल्वेगाडी अडवली. इंग्रजांनी लोकांकडून ओढलेला पैसा लोकांकडेच परत गेला, असा भाऊंचा हिशेब. मला तो पटतो. कॅप्टन खरे, पण प्रतिसरकारचे, पलटणीचे नव्हेत. ५ फेब्रुवारी २०२२ ला गेले, शंभरी अगदी तोंडावर असताना. त्याआधी, २०१७ मध्ये गांधीजींचे नातू गोपाळकृष्ण गांधी शेणोलीला आले, तेव्हा पंचाण्णवीच्या घरातले भाऊ तिथं हजर होते.