तोंडात लागलेला गळ

मासे खाण्यात माझी पासष्ट वर्षं गेली, पण धरण्याचा प्रसंग कधी आला नाही. मासा धरायचा कोळ्यांनी, घासाघीस करायची मी आणि कल्ले उघडून नाक मुरडायचं बायकोनं, अशी आमच्याकडची पद्धत. त्यामुळे मुलीनं पुण्यातल्या कट्टर शाकाहारी घरातला मुलगा पसंत केला, तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो, "ज्या घरात सुक्या बोंबलाचा वास चालत नाही, त्या घरात तू श्वास कसा घेणार?" लग्न झालं. जावई अबोल निघाला. मीही माझं मत मागे घेतलं नाही.

तोच जावई एप्रिलमधल्या एका पहाटे मला म्हणाला, "बाबा, येताय का मासे धरायला?" माझ्या हातातला चहा हिंदकळला.

जावयाचं गाव अमेरिकेतलं, ओहायो राज्यातलं पेरिसबर्ग. नदीचं नाव मॉमी. आपण नदीला आई म्हणतो ते भक्तीनं. इथं तर नकाशावरच छापलेलं! मार्च-एप्रिलात ईरी सरोवरातले वॉलआय मासे अंडी घालायला या नदीत चढतात, आणि छातीपर्यंत रबरी विजारी चढवलेली माणसं कमरेएवढ्या पाण्यात रांगेनं उभी राहतात. आषाढीला चंद्रभागेत दिसावी तशी गर्दी, फक्त इथला विठ्ठल पाण्याखाली.

एक दिवसाचा परवाना खिशात घालून मीही उतरलो. पाणी बर्फाचं थोरलं भावंड. पायाखाली गोटे, आणि प्रवाह असा की, चर्चगेटच्या गाडीत दारापाशी उभं राहिल्याचा भास व्हावा.

"गळ थोडा वरच्या अंगाला टाका," जावई सांगू लागला. "शिसं तळाला टकटक करत वाहू द्या. टकटक थांबली, दोरी जड झाली, की काठी उचला. मासा प्रवाहात शिरला तर ओढाओढ नको. दोरी ताणलेली ठेवा, काठी बाजूला झुकवा आणि त्याला काठाजवळच्या संथ पाण्यात आणा. तो दमला की डोकं आधी जाळीत. शेपटीकडून गेलात तर पळालाच."

चार वर्षांत हा माणूस माझ्याशी एवढं बोलला नव्हता.

तासाभरानं दोरी जड झाली. दोनदा तळाच्या दगडाला अडकली होती, तसंच असेल म्हणून मी काठी उचलली, तर दगड पळू लागला! चकरी किरकिरली, मी दोन पावलं वाहवत गेलो, शेजारच्या गोऱ्यानं न सांगता माझा पट्टा धरला. शेवटी एकदाचा मासा जावयाच्या जाळीत आला. सोनेरी अंग, अणकुचीदार दात, आणि काचेच्या गोटीसारखे डोळे. मी मनातल्या मनात आमसूल भिजत घातलं.

जावयानं मासा उलटून पाहिला. गळ पाठीच्या पंखात रुतला होता. त्यानं तो अलगद काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"अहो!" मी ओरडलो.

"गळ तोंडाच्या आत लागला तरच ठेवायचा, बाबा. बाहेर लागलेला मासा फसलेला असतो, त्यानं गिळलेलं नसतं. नियम आहे."

"पण बघतंय कोण?"

तो काही बोलला नाही. नुसता हसला. मी ताठ्यात पुन्हा गळ टाकला, आणि अर्धा तास नदीकडे बघत मुलीच्या लग्नाचा फेरविचार केला. कोणी बघत नसताना हातातलं सोडणारा माणूस आमच्या सबंध नातेवाइकांत दुसरा सापडेना. माझ्यासकट.

दुसरा मासा दुपारी लागला. या खेपेला गळ थेट तोंडात. काठाशी मी स्वतः आणला, डोक्याकडून जाळीत घेतला.

"तुम्ही हे शिकलात कशाला? खात तर नाही," परतताना मी विचारलं.

"तिला ताजा मासा लागतो," जावई रस्त्याकडे बघत म्हणाला.

रात्री मुलीनं आईच्या पद्धतीनं कालवण केलं. जावयानं तुकडा बाजूला ठेवला. पण माझ्याकडे एकदा पाहून चमचाभर रस्सा भातावर घेतला आणि घास तोंडात घातला. मग आणखी चमचाभर.

मी मुलीला हळूच म्हटलं, "याला ठेवायला हरकत नाही. गळ तोंडातच लागलाय."