वर्गातला टेलिफोन

भाषेच्या वर्गात बोलायला शिकवायचे तर बंद पडलेला टेलिफोन हे फार उपयोगी साधन आहे. त्याला वीज लागत नाही, त्याची तार भिंतीपर्यंत पोचायचीही गरज नाही. रिसीव्हर कानाला लावला की समोरच्याचा चेहरा नाहीसा होतो. त्याच्याबरोबर मान डोलावणे, बोट दाखवणे, डोळ्यांनी खुणावणे या पळवाटाही बंद होतात. सांगायचे ते शब्दांतच सांगावे लागते आणि कळले नाही ते विचारूनच घ्यावे लागते.

घाटकोपरमध्ये मराठी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेकडे असा एक काळा, डायलचा फोन आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर कपाटातून तो बाहेर काढला, तेव्हा पिशवीच्या आतून बुरशीचा वास आला. रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूला मात्र वेगळाच वास होता: तपकीर, खोबरेल आणि शिळा श्वास. चाळीस वर्षांत तो गेलेला नाही. एका घरातल्या चार माणसांचा तो वास नव्हे. पूर्ण मजल्याचा आहे.

1980च्या दशकात उपनगरांत टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. महानगर टेलिफोन निगम 1 एप्रिल 1986 रोजी स्थापन झाले, त्याच्या आधीची ही गोष्ट. ज्या घरी फोन आला, त्या घराचा नंबर शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकांवर आणि पत्रांवर ‘पी. पी.’ अशी अक्षरे लावून छापला जाई. घाटकोपरच्या पंतनगरमधल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असा एकच फोन होता आणि तो उचलण्याचे काम त्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीकडे, म्हणजे आजच्या या शिक्षिकेकडे, होते. कोण बोलतंय ते विचारायचे, कोणाला बोलावू ते विचारायचे, माणूस घरी नसेल तर निरोप घ्यायचा आणि तो बिनचूक पोचवायचा. फोन करणाऱ्यांत निम्मे लोक गुजराती बोलणारे. मुलगी मराठी शाळेत जात होती. गुजरातीचा एकही धडा तिने वाचलेला नव्हता. तरी दोन वर्षांत ती ‘कोण बोले छे?’पासून औषधांच्या नावांपर्यंत सगळे निभावू लागली. त्याच दोन वर्षांत शाळेत इंग्रजीच्या कवितांवर कविता पाठ झाल्या, पण इंग्रजीत पाणी मागायची तिला हिंमत नव्हती.

1984च्या मे महिन्यात भावनगरहून ट्रंक कॉल आला. शेजारच्या बेन घरी नव्हत्या. पलीकडून त्यांच्या मासी बोलत होत्या: ‘हुं काले आवुं छुं, बोरीवली ऊतरीश.’ ट्रंक कॉल तीन मिनिटांच्या हिशेबाने चाले, त्यामुळे पलीकडचा माणूस घाईत असे आणि अलीकडचा त्याहून जास्त. ‘काले’ हा शब्द मुलीने ऐकला, आणि मराठी कानाने ऐकला. बेन परतल्यावर तिने निरोप सांगितला: मासी काल आल्या, बोरिवलीला उतरल्यात. मराठीत ‘उतरणे’ म्हणजे गाडीतून उतरणे, तसेच कुणाकडे मुक्कामाला राहणेही. बोरिवलीला बेनची नणंद राहत होती. मासी तिच्याकडे असतील, रविवारी जाऊन भेटू, असे ठरले. दुसऱ्या दिवशी पहाटे मासी बोरिवली स्टेशनावर उतरल्या आणि दोन पिशव्या व गाठियांचा एक डबा घेऊन दुपारपर्यंत फलाटावरच्या बाकावर बसून राहिल्या.

दुपारी फोन वाजला तो मुलीनेच उचलला.

गुजरातीत आणि हिंदीत गेलेल्या आणि येणाऱ्या दिवसाला एकच शब्द चालतो. क्रियापदावरून दिवस कळतो. नेमकेपणा हवा असेल तर गुजराती माणूस ‘गई काले’ आणि ‘आवती काले’ असे वेगळे करून सांगतो. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ हे दोन निराळे शब्द आहेत. हा फरक कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात अर्ध्या ओळीत सांगता येतो. मुलीला तो फलाटावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईमुळे कळला, आणि म्हणूनच तो कधी विसरला गेला नाही. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट निराळी होती. निरोप घेताना तिला शंका आली होती. ‘काले म्हणजे कधी?’ हे तीन शब्द विचारायला पाच सेकंद लागले असते. ते विचारायची तिला लाज वाटली. शब्द न येणे ही तिची चूक नव्हती. परत न विचारणे ही होती.

भाषाशिक्षणाच्या इतिहासात याच्या उलट एक गोष्ट आहे. फ्रांस्वा ग्वँ हा फ्रेंच शिक्षक जर्मन शिकायला हॅम्बुर्गला गेला. त्याने जर्मन व्याकरण आणि 248 अनियमित क्रियापदे दहा दिवसांत पाठ केली आणि व्याख्यान ऐकायला गेला. एकही शब्द कळला नाही. मग धातू पाठ केले, पुढे शब्दकोशच पाठ केला. तेही उपयोगी पडले नाही. हरून घरी परतला, तर तिथे त्याचा तीन वर्षांचा भाचा फ्रेंच भडाभडा बोलत होता. हे पोरगे पिठाची गिरणी बघून आले होते आणि घरी आल्यावर तिचाच खेळ मांडून, पोती भरत, दळण दळत, प्रत्येक कामाचे वाक्य तोंडाने म्हणत होते. ग्वँने 1880 साली आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. भातुकली मांडणाऱ्या प्रत्येक मुलीला ती आधीपासून ठाऊक होती. ज्या भावनगरहून तो ट्रंक कॉल आला, त्याच गावात 1920च्या दशकात ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करत होत्या. गोष्ट, गाणे आणि खेळ यांतून मूल मोकळे होते हा त्यांचा अनुभव त्यांनी मराठीत आणला. 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केले. त्या विचाराचा काही भाग बालवाडीत रुजला. पाचवीच्या वर्गात पोचेपर्यंत मात्र तो संपतो आणि त्याच्या जागी वक्तृत्व स्पर्धा येते.

वक्तृत्व स्पर्धेबद्दल या शिक्षिकेच्या मनात जुना राग आहे आणि तो योग्य आहे. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’पासून सुरू होणारे भाषण बहुतेक वेळा आई किंवा बाई लिहून देतात, मूल ते पाठ करते, हात कुठे वर करायचा तेही ठरलेले असते. एखादे वाक्य विसरले की मूल पहिल्यापासून सुरू करते, कारण मधून पकडायला त्याच्याजवळ काहीच नसते. समोरच्या दोनशे श्रोत्यांपैकी एकालाही मध्येच ‘म्हणजे काय?’ विचारायची मुभा नाही. ज्याला प्रश्न येऊ शकत नाही ते बोलणे म्हणजे मोठ्याने केलेले लेखन. युरोप परिषदेने 2001 साली भाषाक्षमतेची जी सामायिक चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात संवाद आणि सलग बोलणे ही दोन वेगळी कौशल्ये मानली आहेत. कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागात अमराठी प्रौढांसाठी ‘माय मराठी’ हा अभ्यासक्रम तयार झाला, तो या चौकटीच्या धर्तीवर. शाळेत मात्र ज्या तीन-चार मुलांना आधीच बोलता येते, त्यांनाच व्यासपीठ मिळते आणि बाकीची पन्नास टाळ्या वाजवतात.

तोंडी परीक्षेची गोष्टही दुखरी आहे. दहावीला भाषा विषयांतले शाळेच्या हातातले 20 गुण 2018-19मध्ये काढून टाकले. राज्य मंडळाचा निकाल 2018मध्ये 89.41 टक्के होता, तो 2019मध्ये 77.10 टक्क्यांवर आला. मोठी ओरड झाली, गुण परत आले, आणि 2020चा निकाल 95.30 टक्के लागला. त्या सगळ्या चर्चेत टक्क्यांविषयी बोलणे झाले. मूल तोंडी परीक्षेच्या त्या पाच मिनिटांत काय बोलते, कुणाशी बोलते, हा प्रश्न मागे पडला. तो तिथे विचारायला हवा होता.

2020च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली आणि टप्प्याटप्प्याने लागू झाली. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी या भागांत याचा अर्थ असा की, एका वर्गात गुजराती, कच्छी, तमिळ, मल्याळम, भोजपुरी आणि थोडीफार मराठी बोलणारी मुले एकाच बाकावर मराठी शिकतात. त्यांना मराठी कळते. रिक्षावाला, भाजीवाली, लोकलमधली ‘पुढील स्टेशन’ची घोषणा यांनी कान तयार केलेले असतात. तोंड तयार नसते. उत्तर हिंदीत दिले तरी काम भागते, मग मराठीत कोण कशाला देईल?

इथे वेळेचा हिशेब आधी करावा लागतो. 35 मिनिटांचा तास आणि 50 मुले. एकेकाला उभे करून बोलते केले तर वाट्याला 42 सेकंद येतात, तेही बाई एक शब्द बोलल्या नाहीत तर. जोड्या लावल्या की कोणत्याही क्षणी निम्मा वर्ग बोलत असतो आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटांवर मिळतात. पाठीला पाठ लावून दोन मुले बसतात. खरे फोन दोनच, म्हणून बाकीच्यांच्या कानाला कंपासपेटी. शेजारच्या वर्गातून आवाजाची तक्रार येते; तिची तयारी ठेवावी.

जोडीतल्या दोघांच्या चिठ्ठ्या वेगळ्या असतात, आणि सगळी मेख त्या वेगळेपणात आहे. एकाजवळ जे आहे ते दुसऱ्याला माहीत नसले पाहिजे. नुसते ‘तुमच्या आवडत्या सणाविषयी बोला’ म्हटले की मुले तोंड बघत बसतात, कारण दिवाळी दोघांनाही माहीत असते. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर प्रकल्पात वेळापत्रके, नकाशे अशा साध्या गोष्टींवर इंग्रजीचे वर्ग चालवले आणि 1987च्या पुस्तकात या कामांचे तीन प्रकार सांगितले: माहितीची दरी, तर्काची दरी आणि मताची दरी. प्रभूंना मुलांच्या आपापसातल्या जोड्या फारशा पसंत नव्हत्या. मुले एकमेकांच्या चुका उचलतील अशी त्यांची शंका. ती शंका खरी आहे. तरी पन्नासांच्या वर्गात मुके राहण्यापेक्षा चुका उचललेल्या बऱ्या, असा या शिक्षिकेचा अनुभव आहे.

मेट्रोची चिठ्ठी सर्वांत चांगली चालते. वर्सोवा ते घाटकोपर या मार्गावर 12 स्थानके आहेत. एका मुलाकडे यादीतली एकाआड एक सहा नावे, दुसऱ्याकडे उरलेली सहा. एकमेकांना विचारून दोघांनी यादी पुरी करायची. ‘साकीनाक्याच्या आधी कोणतं?’ ‘असल्फानंतर?’ ‘ते माझ्याकडे नाही, तुझ्याकडे बघ.’ आधी, नंतर, मध्ये, पुढचं, अलीकडचं हे शब्द पुस्तकातून वर्षभर येत नाहीत ते इथे दहा मिनिटांत तोंडी बसतात. बोलणे चालू असताना चूक दुरुस्त करायची नाही. बाईंनी ती वहीत टिपून ठेवायची आणि शेवटची पाच मिनिटे फळ्यावर घ्यायची, नाव न घेता.

त्याआधी, पहिल्या आठवड्यातच, परत विचारायची वाक्ये शिकवलेली असतात. ‘परत सांगतोस का?’ ‘म्हणजे कोणता?’ ‘जरा सावकाश.’ ‘म्हणजे तू असं म्हणतोस की...’ नियम असा की, प्रत्येक निरोपात निदान तीनदा परत विचारलेच पाहिजे, सगळे कळले असले तरी. जे मूल वर्षभर तोंड उघडत नाही, त्याला या नियमाने मोठा आधार मिळतो. न कळणे ही त्याची कमजोरी राहत नाही, ते त्याचे काम होते.

एकदा सातवीच्या वर्गात एका गुजराती मुलाने काळ्या फोनमध्ये निरोप सांगितला: ‘मी काल तुझ्याकडे येणार आहे.’ शिक्षिकेच्या हातातली वही तशीच राहिली. पलीकडे कंपासपेटी कानाला लावून बसलेल्या मुलीच्या घरी तमिळ बोलतात. तमिळमध्ये काल आणि उद्याला वेगळे शब्द आहेत, म्हणून ती लगेच अडखळली. ‘येणार की आलास?’ तिने विचारले. ‘येणार.’ ‘मग उद्या म्हण ना.’ मुलगा थांबला, ‘हां, उद्या,’ म्हणाला आणि पुढे गेला. चार वाक्ये, दहा सेकंद. फलाटावर कुणी बसून राहिले नाही. हा मुलगा पुन्हा तीच चूक करील, आणखी पुष्कळदा करील, तेव्हा त्याला विचारणारे कुणीतरी समोर असले म्हणजे झाले.

आता मुलांच्या हातात मोबाइल आहेत आणि ती एकमेकांना आवाजाचे निरोप पाठवतात. ते ऐकून सराव होतो, उच्चार सुधारतात, लाजरी मुले दहा वेळा ध्वनिमुद्रित करून अकरावा पाठवतात. पण त्यातही पलीकडचा मध्येच थांबवू शकत नाही, म्हणून ते भाषणाकडे झुकते. वर्गात अजून जुना रिसीव्हरच बाहेर निघतो.

पंतनगरची ती इमारत पुनर्विकासात गेली. शेजारच्या बेन आता ऐंशीच्या पुढे आहेत, मुलाकडे मुलुंडला राहतात. बोरिवलीची गोष्ट त्यांनी कधीच काढली नाही. त्या दिवशी मासींनी आणलेल्या डब्यातले गाठिये मात्र सर्वांत आधी याच मुलीच्या हातावर ठेवले होते. अलीकडे त्यांना ऐकू कमी येते आणि मराठी हळूहळू सुटत चालली आहे. शिक्षिका त्यांना फोन करतात तेव्हा एका वाक्याला तीन फेऱ्या होतात.

‘बेन, हुं काले आवीश.’

‘क्यारे?’

‘काले.’

‘गई काले?’

‘ना बेन, आवती काले. गुरुवारे.’

‘गुरुवारे,’ बेन मोठ्याने म्हणतात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला सांगतात. वाराचे नाव दोन्ही भाषांत एकच आहे.