रँडम, तरीही पुन्हा तेच!

सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये रँडमपणा ताब्यात कसा ठेवायचा यावर एक भाग आहे. तो नुकताच वाचला आणि तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटलेय!

‘रँडम_स्टेट’ या पॅरामीटरमध्ये ४२ टाकायचं आणि पुढं जायचं, हे सगळेच करतात. संगणकाचे रँडम आकडे हिशेबानेच तयार होतात, हेही ठाऊक असतं. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या ‘मर्सेन ट्विस्टर’ची माळ फिरून पहिल्यापासून सुरू व्हायला दोनाचा १९,९३७ वा घात वजा एक इतके आकडे जावे लागतात, आणि तरी सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, तोच दिला की पहिल्या आकड्यापासून माळ तीच!

पण खरी गंमत पुढं आहे. ‘रँडम_स्टेट’ला साधा पूर्णांक दिला, तर मॉडेल प्रत्येक वेळी ‘फिट’ करताना, म्हणजे शिकवताना, माळ पहिल्यापासून सुरू होते. त्याऐवजी नमपायचा ‘रँडमस्टेट’ हा जनरेटरच दिला, तर माळ जिथं थांबली होती तिथून पुढं सरकते. म्हणजे लागोपाठ दोनदा ‘फिट’ केलं की उत्तरं वेगळी. आणि तरीही जनरेटरचा सीड ठरलेला असेल, तर अख्खा प्रोग्रॅम पुन्हा चालवल्यावर, आवृत्त्या त्याच असल्या की, तेच दोन वेगळे आकडे त्याच क्रमाने येतात! पुनरावृत्ती दोन्हीकडे आहे, पण अर्थ किती निराळा!

म्हणूनच क्रॉस व्हॅलिडेशनसाठी, म्हणजे मॉडेलची डेटाच्या तुकड्यांवर आळीपाळीने परीक्षा घेण्यासाठी, तिथला सल्ला असा: डेटाचे हे तुकडे, म्हणजे फोल्ड, पाडणाऱ्याला पूर्णांक द्या, मॉडेलला जनरेटर. दोन मॉडेलांची तुलना करायची तर दोघांना प्रश्नपत्रिका एकच हवी. फोल्ड बदलले की तुलनाच कोलमडते. मॉडेलला मात्र दर फोल्डमध्ये नवे आकडे मिळायला हवेत, नाहीतर आपण मॉडेल नव्हे, एका सीडचं नशीब मोजत बसतो. एकच जनरेटर दोन मॉडेलांना दिला, तर एकाला शिकवल्याने दुसऱ्याचा निकाल बदलतो, हेसुद्धा तिथं उदाहरणासकट लिहिलंय. किती काळजीने लिहिलंय हे!

मग नमपायचं याबाबतचं धोरणही वाचून काढलं. २०१९ च्या १.१७ आवृत्तीत नवा ‘जनरेटर’ आला. जुना ‘रँडमस्टेट’ मुद्दाम गोठवला, म्हणजे जुन्या प्रयोगांचे आकडे तसेच मिळत राहावेत. नव्याबद्दल मात्र स्पष्ट सांगितलं, की सुधारणेसाठी पुढच्या आवृत्तीत माळ बदलू शकते. असं वचन देणं आणि त्याची मर्यादाही लिहून ठेवणं, हे मला कोडइतकंच मोलाचं वाटतं.

तेव्हा निकालासोबत सीड, लायब्ररींच्या आवृत्त्या आणि ‘रँडम_स्टेट’ला नेमकं काय दिलं, एवढं तरी लिहून ठेवा. आणि तो भाग आजच वाचा!