पातेल्यातला काला

सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. आषाढीची वारीही पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्यानेच पुरी होते. मी पंचेचाळीस वर्षे काल्याची कीर्तने केली. आता आवाज साथ देत नाही म्हणून वीणा खुंटीला लावली. पण एक काला असा आहे, जो मी कधीच कीर्तनात सांगितला नाही. तो आज लिहितो.

जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून गावोगावची मुले अध्ययनासाठी माउलींच्या पायाशी येतात. मी कोल्हापूरकडचा. आळंदीत एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो. एक खानदेशचा, एक कोकणचा आणि एक बीडकडचा. पहाटे इंद्रायणीचे स्नान, काकडा, मग पाठांतर आणि दुपारी माधुकरी. खांद्याला झोळी लावून ठरलेल्या घरांपुढे उभे राहायचे. कुठे ज्वारीची भाकरी मिळे, कुठे बाजरीची, कुठे चतकोर पोळी. दुपारी खाऊन जे तुकडे उरत, ते रात्रीचे जेवण.

त्या तुकड्यांचा आम्ही काला करत असू. भाकरी हाताने बारीक कुस्करायची. वातीच्या स्टोव्हवर पातेले ठेवून चमचाभर तेलात मोहरी, जिरे, हिरवी मिरची आणि हळद घालायची. त्यात कुस्करा परतून वर ताकाचा हबका मारायचा, झाकण ठेवून एक वाफ आणायची. घरी याला फोडणीची भाकरी म्हणतात. आमच्यात त्याचे नाव कालाच. नियम एकच होता. कुणाच्या घरून काहीही येवो, शेंगदाण्याचा कूट असो की लोणच्याची फोड, ते पातेल्यात पडले पाहिजे.

१९७२ साली दुष्काळ पडला. झोळी हलकी झाली. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीचे तुकडे त्यात येऊ लागले. लोकांच्याच ताटात नव्हते, तरी दारातून कुणी रिकामे पाठवीत नसे. आमच्या भागात मात्र शाहू महाराजांनी पाया घातलेल्या राधानगरीच्या पाण्यावर ऊस उभा होता. कार्तिकात माउलींच्या समाधी सोहळ्याला आलेल्या गावच्या माळकऱ्याबरोबर वडिलांनी नव्या गुळाची भेली पाठवली.

ती भेली मी पातेल्यात घातली नाही. ट्रंकेत धोतराखाली ठेवली. रात्री दिवा विझला की अंधारात खडा मोडून तोंडात धरायचा, चावायचा नाही, आवाज होईल म्हणून. दिवसा ज्ञानेश्वरीच्या ओव्या पाठ करायच्या आणि रात्री हा उद्योग. असा महिना दीड महिना गेला.

पौषात बीडचा मित्र चार दिवस घरी जाऊन आला. जनावरे विकली होती. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. त्याने पिशवीतून एक पुरचुंडी काढली. कामावर मजुरांना सुकडी मिळे. त्याच्या आईने रोज आपल्या वाट्यातली मूठभर मागे ठेवून ती लेकासाठी साठवली होती. त्याने पुरचुंडी सोडली आणि सगळीच्या सगळी पातेल्यात ओतली. चिमूटभरही मागे ठेवली नाही.

मला बसवेना. उठलो, ट्रंक उघडली, उरलेली अर्धी भेली आणून फोडली. आणि तेव्हाही खरे बोललो नाही. म्हणालो, "कालच गावाहून आलाय." त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बरं झालं गड्या, घाल." एवढेच. मोडलेली भेली काल आलेली नसते, हे त्याला कळत नव्हते असे नाही. त्या रात्री काला गोड-तिखट झाला. सगळ्यात मोठा घास त्याने माझ्या ताटलीत टाकला.

पुढे आम्ही चार दिशांना पांगलो. दर आषाढीला तो मला पंढरपुरात भेटे, उराउरी भेटे. दरवर्षी वाटे, आज सांगू. ते राहूनच गेले. तीन वर्षांपूर्वी तो वैकुंठवासी झाला.

काल्याच्या कीर्तनात मी सांगत असे, यमुनेच्या वाळवंटी गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या, देवाने सगळ्या एकत्र केल्या, आणि त्या उष्ट्यासाठी ब्रह्मादिक मासे होऊन आले. पेंद्याची शिदोरी शिळी होती, पण ती पुरती सोडलेली होती, म्हणून देवाला गोड लागली. 'हातचे राखू नका' म्हणताना माझा आवाज दाटून येई. श्रोत्यांना तो भाव वाटे. तो भाव नव्हता, ट्रंकेतली भेली होती.

आता घरी भाकरी उरली की सूनबाईंना म्हणतो, कुस्करा करा, वर गुळाचा खडा घाला. नातवंडे विचारतात, आजोबा, तिखटात गूळ कशाला? त्यांना मी ही गोष्ट सांगितली, खोटे बोललो त्यासकट. मित्राला सांगायचे राहिले, ते निदान तुम्हा माउलींच्या पायाशी ठेवतो. तुमच्या ट्रंकेत काही असेल, तर ज्याचे त्याला सांगून टाका. तो आहे तोवर.

रामकृष्ण हरी.