बाबांचे कान

आई गेल्यावर बाबा सांगलीहून आमच्याकडे, म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये राहायला आले. सामानात कपड्यांची एक बॅग आणि त्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकरसह. कॅसेट डेक तिकडेच बंद पडला होता, म्हणून आम्ही सीडी प्लेअर जोडून दिला आणि भीमसेन जोशी लावले. बाबा दोन मिनिटांत उठून आत गेले.

पुढेही तेच. आवाजाचं बटण जरा फिरवलं की घर दणाणायचं, आणि कमी केलं तरी वरचे सूर चरचरत यायचे. "माझंच यंत्र बिघडलंय गं," बाबा कानाला हात लावून म्हणाले. त्यांचं वय ७८, त्यामुळे मलाही ते पटलं. मी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बाबांनी ऐकणंच सोडलं. दुपारभर नुसते खिडकीशी बसायचे.

समोरचे अंकल आकाशवाणीतून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेले. (आकाशवाणी हे नाव म्हैसूरचंच बरं का! १९३५ साली एम. व्ही. गोपालस्वामींनी इथे आपल्या घरी सुरू केलेल्या केंद्राचं.) एकदा कॉफीला आले तेव्हा त्यांनी सीडी ऐकली, मग काही न बोलता त्याच वायरीला माझा मोबाइल जोडला, त्याचा आवाज अर्ध्यावर ठेवला आणि तेच गाणं लावलं. स्वच्छ! बाबा खिडकीतून वळले.

अंकलनी समजावलं ते असं. कॅसेट डेकमधून साधारण अर्धा व्होल्ट येतो, सीडी प्लेअरमधून मोठ्या सुरांना दोन व्होल्टपर्यंत. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या 'ऑक्स'ला पाव व्होल्टही पुरतो. त्यातून आमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाजाचं बटण पहिल्या ट्रान्झिस्टरच्या नंतर येतं. सूर तिथेच फाटला, की मग बटण कमी करून फाटलेलाच सूर हळू ऐकू येणार! रेकॉर्ड प्लेअरच्या 'फोनो'त तर सीडी कधीच लावू नका, म्हणाले. तिथे काही मिलिव्होल्टचाच हिशेब असतो.

उपाय काही रुपयांचा निघाला. डाव्या-उजव्या प्रत्येक वायरीत २२ किलोओहमचा रेझिस्टर सरळ रेषेत, आणि त्याच्यापुढे, अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला, १० किलोओहमचा जमिनीच्या तारेला. दोन व्होल्टचे राहतात जेमतेम अर्धा-पाऊण. अंकलनी आमच्या जेवणाच्या टेबलावर सोल्डर केलं. टेबलाला एक डाग पडलाय, तो असू दे.

डॉक्टरांची वेळ मी रद्द केली नाही. तपासणीत बारीक, उंच आवाज थोडे कमी ऐकू येतात असं निघालं. वयाला धरून आहे, म्हणाले. बाबांनी ते कानाआडच केलं. पूर्वी बटण आठच्या काट्यापुढे नेता येत नव्हतं, आता बाराच्याही पुढे असतं, आणि स्वयंपाकघरातून मला ओरडावं लागतं, "बाबा, जरा कमी करा!"

"तंबोरा ऐकू येतोय गं," आतून उत्तर येतं.